नाव हरवलेला सर्किट बोर्ड

वस्तू हातात असावी आणि तिचे नाव मात्र कोणालाच सांगता येऊ नये, असा प्रसंग ताम्रपट वाचणाऱ्या संशोधकावर वारंवार येतो. हल्ली तो विजेच्या जुन्या सामानाच्या दुकानातही येऊ लागला आहे. हुबळीच्या कमरीपेठेसारख्या जुन्या पेठेतील एखाद्या भंगाराच्या दुकानाची कल्पना करावी. पंख्यांची पाती, फुटके रेडिओ, टीव्हीचे सांगाडे ह्यांच्या ढिगातून एक हिरवी पाटी वर येते. लांबी हातभर, तीवर शंभर-दीडशे काळ्या चिपा ओळीने झाळलेल्या, आणि एका कडेला सोनेरी दातांची फणी. गिऱ्हाईक विचारते, "हे काय?" दुकानदार म्हणतो, "टीव्हीतले काहीतरी असेल." मग ती पाटी तराजूत पडते आणि वजनावर तिचा भाव ठरतो.

परंतु ती पाटी टीव्हीतली नसते. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्राचा तो मेंदू असतो. अशा यंत्रांना जगात 'आर्केड गेम' म्हणतात. आपल्याकडे ती ज्या दुकानांत असत, त्यांना सर्रास 'व्हिडिओ गेम पार्लर' म्हणत. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीचे अभियंते तोमोहिरो निशिकादो ह्यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ केला आणि ह्या धंद्याला जगभर भरती आली. १९८० साली नामको कंपनीचा 'पॅक-मॅन' आला, १९८१ साली निन्टेन्डोचा 'डाँकी काँग' आला. भारतातील शहरांत ह्या यंत्रांचा खरा बहर १९८० नंतरच्या दोन दशकांतला. एक रुपयाचे नाणे मुठीत धरून पार्लरच्या दाराशी उभी राहिलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत.

त्या पिढीला 'मुस्तफा' हा खेळ विचारून पाहावा. डोळ्यांत चमक येते. गंमत अशी की, ह्या नावाचा खेळ कोणत्याही कंपनीने कधी काढला नाही. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ काढला. मार्क शुल्ट्झ ह्या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रकथांवर तो बेतलेला होता. त्यातील चार वीरांपैकी एकाचे नाव मुस्तफा कैरो. आपल्या मुलांना चौघांत तेवढेच नाव ओळखीचे वाटले, आणि त्यांनी सबंध खेळालाच ते देऊन टाकले. आता हा खेळ ज्या बोर्डावर होता तो कोणाच्या हाती लागला, तर त्याला 'मुस्तफा' हे नाव बोर्डावर कोठेही सापडणार नाही. आणि बोर्डावर जे सापडेल, ते पार्लरच्या जुन्या मालकाला ओळखीचे वाटणार नाही. लोकांच्या तोंडचे नाव एक, कारखान्याच्या वहीतले नाव दुसरे. ओळख पटविण्याच्या अडचणीचा आरंभ हा असा नावापासूनच होतो.

दुसरी अडचण यंत्राच्या रचनेतली. लाकडी पेटी, काचेचा पडदा, दांडा आणि बटणे हे सारे वर्षानुवर्षे तेच राही. खेळ जुना झाला, मुलांचा उत्साह ओसरला, की मालक आतला बोर्ड तेवढा बदली. पेटीवरची पाटी मात्र पहिल्याच खेळाची राही. काढलेला बोर्ड कधी दुसऱ्या गावी विकला जाई, कधी माळ्यावर पडे. पेटीपासून तुटलेला बोर्ड म्हणजे मुखपृष्ठ आणि पहिली चार पाने फाटलेले पुस्तक होय.

तिसरी अडचण नकलांची. मूळ कंपनीचा बोर्ड महाग पडे, म्हणून त्याच्या हुबेहूब नकला निघत. नक्कल करणारा स्वतःचे नाव कशाला लिहील? कित्येकदा तो चिपांच्या पाठीवरची अक्षरेसुद्धा खरडून टाकी, म्हणजे आणखी कोणी त्याची नक्कल करू नये! चोराने आपल्या चोरीवर कुलूप लावावे, तसलाच हा प्रकार.

अशा निनावी बोर्डाची ओळख पटवावयाची कशी? जाणते लोक पहिला नियम सांगतात तो असा, की बोर्डाला वीज देऊ नये. चालवून पाहण्याचा मोह अनावर असतो. परंतु कोणत्या दाताला पाच व्होल्ट आणि कोणत्याला बारा, हे कळण्याआधी वीज दिली, तर वीस-तीस वर्षे टिकलेली चिप क्षणात जळते. वैद्य रोग्याला औषध देण्याआधी नाडी पाहतो. येथेही आधी पाहणे, मग करणे.

प्रथम पाहावी ती कडेची सोनेरी फणी. तिचे दात मोजावेत. बोर्डाच्या दोन्ही अंगांना अठ्ठावीस-अठ्ठावीस, म्हणजे एकूण ५६ जागा असतील, तर मोठा उलगडा झाला. जपानमधील करमणूक-यंत्रांच्या उत्पादकांच्या संघाने १९८५ च्या सुमारास एक सामाईक ठेवण ठरविली. संघाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'जामा' म्हणतात. वीज कोठून यावी, आवाज कोठून जावा, तांबडा-हिरवा-निळा रंग कोणत्या दातावर असावा, हे तीत नेमून दिलेले आहे. त्याआधी प्रत्येक कंपनीचा रिवाज निराळा. कोणाचे दात एका अंगाला अठरा, कोणाचे बावीस. म्हणून छप्पन्न जागांचा बोर्ड बहुधा १९८५ नंतरचा मानावा, आणि अठरा किंवा बावीसच्या ओळी दिसल्या तर तो त्याआधीचा असण्याचा संभव मोठा. फणीशिवाय आणखी लहान जोडणी दिसली, तर तीही बोलते. जामाच्या ठेवणीत दोन खेळाडू आणि प्रत्येकाला तीन बटणे एवढीच सोय होती. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू' ह्या खेळाला प्रत्येकी सहा बटणे लागत. 'मुस्तफा' तर तिघांना एकदम खेळता येई. ही जादा बटणे आणि तिसरा गडी ह्यांच्यासाठी वेगळी जोडणी द्यावीच लागे.

नंतर चिपा वाचाव्यात. चिपेच्या पाठीवर बहुधा चार अंकांचा एक गट असतो. समजा, तो ८३४२ आहे. ह्याचा अर्थ, ही चिप १९८३ सालच्या बेचाळिसाव्या आठवड्यात तयार झाली. बोर्डावरच्या सगळ्या चिपांचे असे अंक लिहून काढावेत आणि सर्वांत अलीकडचा पाहावा. आपल्यावरच्या सर्वांत तरुण चिपेपेक्षा बोर्ड म्हातारा असू शकत नाही. मात्र येथे सावधगिरी हवी. चाळीस चिपा १९८३ च्या आणि एकच १९९१ ची असेल, तर ती एकटी कोणा मेकॅनिकने दुरुस्तीत बसविलेली असावी. दगडी वाड्याला सिमेंटचे ठिगळ दिसले म्हणून वाडा सिमेंटच्या काळातला ठरत नाही.

हुबळी-धारवाडकडे ही दृष्टी नवी नव्हे. सदर्न मराठा रेल्वेच्या दिवसांपासून हुबळीत आगगाडीचा कारखाना आहे. अशा कारखान्यात मुरलेला फिटर सुट्या भागावरचा शिक्का पाहून तो कोणत्या जातीच्या इंजिनाचा हे सांगू शकतो. धारवाडला १९५० साली आकाशवाणीचे केंद्र झाले. घरोघरचे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर व्हॉल्व्हची संख्या आणि ठेवण ह्यांवरून सेटाची कंपनी ओळखीत. बोर्ड ओळखणे ही त्याच विद्येची पुढची इयत्ता.

चिपांमध्ये मुख्य असतो तो प्रोसेसर. झायलॉग कंपनीचा झेड ८० हा १९७६ सालचा. पुढील दहा-बारा वर्षे खेळांच्या बोर्डांवर त्याचेच राज्य होते. मोटोरोलाचा ६८००० हा १९७९ सालचा. खेळांत तो रुळला तो १९८५ नंतर. एका बोर्डावर ६८००० आणि झेड ८० दोन्ही दिसले, तर पहिला खेळ चालवितो आणि दुसरा आवाज सांभाळतो, असे बहुधा समजावे. आवाजाची चिपही काळ सांगते. यामाहा कंपनीची वायएम २१५१ ही चिप असेल, तर बोर्ड १९८४ च्या आधीचा नसावा.

चिपांच्या गर्दीत चकाकत्या धातूची एक लहान डबी असते. तिच्यात स्फटिक असतो आणि त्याच्या कंपनांच्या तालावर सारा बोर्ड चालतो. डबीवर त्या कंपनांचा आकडा कोरलेला असतो. 'पॅक-मॅन'च्या बोर्डावर तो १८.४३२ मेगाहर्ट्झ आहे. त्याला सहाने भागले की ३.०७२ येतात, आणि तीच तेथील झेड ८० ची गती. डबीवर १४.३१८ असेल, तर त्याला चाराने भागावे. सुमारे ३.५७९ येतील, अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताचा आकडा तो हाच. सातवीच्या मुलाला येणारा भागाकार कधी कधी असा कुळापर्यंत नेऊन पोचवितो.

इतके झाल्यावर काळ आणि घराणे कळते; खेळ कळतोच असे नाही. त्यासाठी स्मरणचिपांत डोकवावे लागते. ज्या चिपांत खेळाचा कायमचा मजकूर असतो, त्यांपैकी पुष्कळांच्या पाठीवर क्वार्ट्झची एक वाटोळी खिडकी असते आणि तीवर कागदाची चिकटपट्टी असते. ही पट्टी काढू नये. त्या खिडकीतून अतिनील किरण आत गेले तर मजकूर पुसला जातो. तसा मुद्दाम पुसता यावा म्हणूनच ती खिडकी ठेवलेली असते. शिवाय पट्टीवर हाताने लिहिलेला क्रमांक, एखादे अक्षर, एखाद्या मेकॅनिकची खूण हाही पुरावाच असतो. चिपेवरील अंकांत २७ च्या पुढे जो आकडा असतो, तो तिची धारणशक्ती सांगतो. २७१६ मध्ये १६ किलोबिट, म्हणजे २,०४८ अक्षरे मावतात. २७५१२ मध्ये ६५,५३६.

ह्या चिपा वाचण्याचे लहान यंत्र मिळते. त्याने मजकूर संगणकात उतरवून घ्यावा. त्यात एखादे वेळी इंग्रजी वाक्ये सरळ दिसतात. नाणे टाका, खेळ संपला, अमुक कंपनी, अमुक साल. कधी मात्र काहीच वाचता येत नाही, कारण त्या बोर्डाने अक्षरांना आपले स्वतःचे अंक दिलेले असतात. संगणकांच्या सामान्य रिवाजाप्रमाणे 'ए' ह्या अक्षराला ६५ हा अंक असतो; एखादा बोर्ड त्याला १७ मानतो. मग बी अठरा, सी एकोणीस, असा क्रम लावून पाहिला की गाठ सुटते. अनोळखी वळणाचे मोडी वाचताना आधी ओळखीचा एखादा शब्द शोधून त्याच्या आधाराने बाकीची अक्षरे लावतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि अखेरची कसोटी ताळ्याची. शाळेत गुणाकाराचा ताळा पाहतात, तसा चिपेतील संपूर्ण मजकुराचाही एक ताळा काढता येतो. प्रचलित पद्धतीने हा ताळा सुमारे ४२९ कोटी संभाव्य संख्यांपैकी एक असतो. मजकुरातील एकच अक्षर बदलले, तरी ताळा बदलतो. दोन निराळ्या चिपांचा ताळा योगायोगाने एक येणे जवळजवळ अशक्य. १९९७ सालच्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया ह्या इटालियन गृहस्थांनी 'मेम' नावाची एक संगणक-योजना प्रसिद्ध केली. जुन्या यंत्रांच्या अंगची कामे आजच्या संगणकाकडून करवून घ्यावीत आणि त्या निमित्ताने प्रत्येक बोर्डाची नोंद राहावी, हा तिचा हेतू. जगभरच्या स्वयंसेवकांनी तीत हजारो खेळांच्या चिपांचे ताळे नोंदविले आहेत. निनावी बोर्डाचा ताळा ह्या नोंदींशी जुळला, की नाव सापडले.

पण पुष्कळदा पाच चिपा जुळतात आणि सहावी जुळत नाही. आणि खरा रस आहे तो येथेच. जुन्या ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यांना हा पेच चांगला परिचयाचा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलांतून शिरलेले अपपाठ पाहूनच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या शेजारी ठेवून श्लोकाश्लोकाचे पाठ ताडून पाहिले. ते काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. पाठभेद म्हणजे केवळ चूक नव्हे. पोथी कोणत्या वाटेने आली, हे तो सांगतो. चिपांचेही तसेच आहे. एकच बिट बदललेला असेल, तर चिप म्हातारपणाने विसरू लागली असावी. खेळाचे नाव आणि साल एवढेच बदललेले असेल, तर नक्कल करणाऱ्याने पाटी बदलली असावी. 'पॅक-मॅन'ची एक नक्कल 'हँगली मॅन' ह्या नावाने फिरत होती. आणि भेद खेळाच्या नियमांतच असेल, तर कदाचित आजवर कोणीही न नोंदलेली आवृत्ती हाती आलेली असते.

नक्कल म्हटली की नाक मुरडण्याची आपली रीत. कायद्याच्या दृष्टीने ती चोरी आहेच. तरीही 'मुस्तफा'ची कथा येथे विचार करावयास लावणारी आहे. कॅपकॉमने चोरी टाळण्यासाठी मूळ बोर्डावरील आवाजाच्या प्रोसेसरचा मजकूर सांकेतिक केला आणि त्या संकेताची किल्ली एका लहान बॅटरीच्या आधाराने स्मरणात ठेवली. बॅटरी संपली की किल्ली नाहीशी होते, आणि अस्सल बोर्ड जागच्या जागी निकामी होतो. १९९३ पासूनच्या आपल्या पुढील बोर्डांत तर कंपनीने मुख्य प्रोसेसरच असा बॅटरीच्या भरवशावर ठेवला. नक्कल करणाऱ्यांनी 'मुस्तफा'तील ही सबंध व्यवस्था काढून तेथे साध्या, स्वस्त चिपा घातल्या. आवाज बेसूर झाला, पण बॅटरीची कटकट संपली. त्यामुळे अस्सल मुका आणि नक्कल बोलकी, असा उलटा न्याय झाला. भंगारात सापडलेल्या नकली बोर्डाला हलका समजू नये, तो एवढ्याचसाठी.

ह्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. लहान मुलांच्या खेळासाठी मोठ्यांनी डोळे कशाला शिणवावेत? ह्याचे एक उत्तर असे की, काळ थांबत नाही. बॅटऱ्या संपत आहेत. काही बॅटऱ्यांतून क्षार गळतो आणि तांब्याच्या रेषा खातो. चिपांतील विजेचा भार वर्षागणिक ओसरतो. आणि ह्या सर्वांहून वेगवान आहे ती भट्टी. फणीवरच्या गुंजभर सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवितात, जाळतात. त्या धुरात शिसे असते आणि तो धूर भट्टीजवळच्या माणसांच्या फुप्फुसात जातो. भारत सरकारने २०११ साली ई-कचऱ्याचे नियम केले आणि २०२२ साली ते नव्याने केले. नियमाने कचरा योग्य ठिकाणी जाईल. परंतु कचरा कोणता आणि कागदपत्र कोणते, हा निवडा नियमाला करता येत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. अटारी कंपनीने १९८२ साली 'अक्का आर्ह' नावाचा खेळ केला. चाचणीत तो लोकांना रुचला नाही, म्हणून बाजारात आलाच नाही. मोजकी यंत्रे तेवढी उरली. त्यांच्या चिपांतील मजकूर लोकांना उपलब्ध झाला तो २०१९ साली. त्याच कंपनीच्या १९९१ मधील 'मार्बल मॅन' ह्या खेळाचा मजकूर २०२२ मध्ये हाती आला. मधल्या तीन दशकांत त्या चिपा कोणाच्या तराजूत पडल्या असत्या, तर ते श्रम कायमचे गेले असते.

आपल्याकडची हानी आणखी वेगळी आहे. जपान-अमेरिकेच्या खेळांची नोंद तेथील लोकांनी केली. मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळी येथे कोणते बोर्ड आले, कोणी दुरुस्त केले, मेकॅनिकने सुटा भाग मिळेना तेव्हा काय युक्ती लढविली, ह्याची नोंद बोर्डावरच्या झाळलेल्या तारेखेरीज कोठेही नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले आणि वाळवीच्या तोंडची दप्तरे त्यांनी सोडविली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या बाविसावर गेली. त्या दप्तरांतही सगळेच तह आणि लढाया नव्हत्या. हिशेब होते, घरगुती पत्रे होती. सामान्य माणसाचा दिवस कसा गेला, हे कळते ते अशाच कागदांवरून. एका पिढीच्या मुलांचा रविवार कसा गेला, हे सांगणारा कागद म्हणजे हा बोर्ड.

तेव्हा असा बोर्ड कोणाच्या हाती आला, तर फार मोठी विद्या लागत नाही. त्याला वीज देऊ नये. दोन्ही अंगांची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत, इतकी जवळून की चिपांवरचे अंक वाचता येतील. फणीचे दात मोजावेत. चिकटपट्ट्या तशाच ठेवाव्यात. बोर्ड कोणत्या गावी, कोणत्या दुकानात मिळाला, ते एका कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवावे. गावात पार्लर चालविलेला किंवा यंत्रे दुरुस्त केलेला जुना माणूस असेल, तर त्याला तो आधी दाखवावा. चिपा पुढेही वाचता येतील, त्या माणसाची आठवण मात्र कोणत्याही यंत्राला वाचता येणार नाही. आणि हे सारे करूनही नाव सापडले नाही, तरी 'अज्ञात' असे लिहून बोर्ड जपून ठेवावा. अज्ञात म्हणून नोंदलेल्या वस्तूची ओळख उद्या कोणीतरी पटवील. तराजूतून भट्टीत गेलेल्या वस्तूची ओळख पटविण्यास कोणीच उरत नाही.